पीएच.डी. चालू असताना कंपनीच्या अभिलेखागारात चार महिन्यांची संशोधन-इंटर्नशिप स्वीकारावी का?

जुनी जाहिरात (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात इतिहास विषयात पीएच.डी. करीत आहे. १९२० ते १९६० या काळातील मराठी नियतकालिकांमधल्या जाहिराती आणि त्यांतून घडत गेलेली गृहिणीची प्रतिमा, हा माझा विषय. कोर्सवर्क आणि आराखड्याची मंजुरी पार पडली असून आता तिसरे वर्ष सुरू आहे. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ यांचे मिळाले तेवढे अंक मी पान न् पान पाहिले. त्यांत छापलेली जाहिरात दिसते, परंतु तिच्यामागचे काहीच दिसत नाही. साबणाच्या वडीशेजारी ‘सुगृहिणी’ हा शब्द कोणी घातला, मजकूर आधी इंग्रजीत लिहिला गेला की थेट मराठीत, कोणते चित्र नापसंत झाले आणि का, या प्रश्नांपाशी माझे तिसरे प्रकरण अडून बसले आहे.

गेल्या महिन्यात घरगुती वापराच्या वस्तू बनवणाऱ्या मुंबईतील एका जुन्या कंपनीने मला चार महिन्यांच्या इंटर्नशिपबद्दल विचारले. कंपनीचे स्वतःचे अभिलेखागार आहे. जाहिरात विभागाच्या जुन्या फायली आणि गावोगावच्या विक्रेत्यांची पत्रे यांची सूची करणे, सहा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेणे आणि एका छोट्या प्रदर्शनासाठी मजकूर लिहिणे, असे कामाचे स्वरूप आहे. आठवड्याचे पाच दिवस पूर्णवेळ काम आणि दरमहा २५,००० रुपये मानधन. माझे अडलेले प्रकरण ज्या कागदांवर उभे राहू शकते, ते कागद त्याच फायलींत असण्याची दाट शक्यता आहे.

अडचणी तीन आहेत. मला नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असून आता वरिष्ठ अधिछात्रवृत्ती सुरू आहे, तेव्हा हे मानधन घेता येईल का? माझ्या मार्गदर्शक मॅडमना हा प्रस्ताव पसंत नाही. चार महिने गेले की लेखनाची लय तुटते, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि कराराच्या मसुद्यात असे कलम आहे की, इंटर्नशिपच्या काळात तयार झालेले सर्व लेखन कंपनीच्या मालकीचे राहील आणि पाहिलेल्या कागदपत्रांतील माहिती लेखी परवानगीशिवाय कोठेही प्रसिद्ध करता येणार नाही.

यांखेरीज एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आमच्या विभागातून पदवी घेऊन बाहेर पडलेले बरेच जण आज तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. प्राध्यापकीव्यतिरिक्त या पदवीला कोठे जागा आहे, हे प्रबंध सादर केल्यावर शोधण्यापेक्षा आत्ताच पाहावे, असे मला मनापासून वाटते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

दप्तरखाना

मी इतिहासात पीएच.डी. केली आणि गेली अकरा वर्षे संस्थांच्या आणि कंपन्यांच्या अभिलेखागारांत काम करीत आहे. माझ्या मते तुम्ही जावे. परंतु आत्ता जो मसुदा हाती आहे, त्यावर सही करून जाऊ नये.

माझी स्वतःची गोष्ट आधी सांगतो. पीएच.डी. करताना मी एका संस्थेच्या दप्तरात सहा महिने काम केले. तुम्ही लिहिले आहे तसेच कलम माझ्याही करारात होते आणि मी ते फारसे न वाचता सही केली. ज्यांनी मला बोलावले होते ते अधिकारी उमदे होते. “तुमच्या प्रबंधासाठी काय हवे ते वापरा,” असे त्यांनी तोंडी सांगितले होते. प्रबंध टंकलिखित होईपर्यंत त्यांची बदली झाली, आणि नव्या अधिकाऱ्यांनी दिलेला नकार नियमाला धरूनच होता. त्या दप्तरावर आधारलेली चाळीस पाने मला काढून टाकावी लागली. त्या पानांतील युक्तिवाद आजही मला प्रबंधातील सर्वांत चांगला भाग वाटतो.

म्हणून मालकीचे कलम नीट समजून घ्या. स्वामित्वहक्काच्या १९५७च्या कायद्यातील कलम १७ असे सांगते की, नोकरीच्या किंवा उमेदवारीच्या कराराखाली काम करताना जे लिहिले जाते, त्याचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. मात्र उभयतांत वेगळे ठरले असेल तर ते ठरलेले चालते. या शेवटच्या वाक्यातच तुमची वाट आहे. प्रदर्शनाचा मजकूर आणि सूची कंपनीची राहू द्या, ते रास्त आहे, कारण त्यासाठीच ती तुम्हाला मानधन देते. परंतु तुमची टिपणे, तुमचे विश्लेषण आणि त्यांवर उभे राहणारे प्रकरण तुमचे, हे त्याच करारात स्वतंत्र परिच्छेद घालून लिहून घ्या. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार तुमच्याकडेच राहतो, तेव्हा प्रदर्शनाच्या फलकावर आणि सूचीवर संशोधक म्हणून नाव देण्याची विनंती संकोच न बाळगता करा.

गोपनीयतेचे कलम त्याहून नाजूक आहे. संशोधनासाठी आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची सूट कायद्यात आहे, परंतु ती स्वामित्वहक्कापुरती. खाजगी दप्तरातील कागदाबद्दल तुम्ही सही करून दिलेला शब्द तुम्हाला वेगळ्या रीतीने बांधतो आणि तेथे ती सूट कामास येत नाही. शिवाय पीएच.डी.चा प्रबंध आता कपाटात राहत नाही. पदवीनंतर त्याची प्रत ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर जाते आणि कोणालाही वाचता येते. तेव्हा परवानगी मागताना “प्रबंधात वापरण्यास” एवढेच न लिहिता, “प्रबंधात, त्याच्या शोधगंगेवरील प्रतीत आणि त्यावर आधारित लेखांत व पुस्तकात वापरण्यास” असे स्पष्ट लिहा. कंपनीला काही कागदांबद्दल चिंता असणारच. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक फायली, चालू असलेले वाद, आजही उपयोगात असलेल्या उत्पादनाची कृती, हे वगळायला तुम्ही तयार असल्याचे आपण होऊन सांगा. एखाद्या ठरावीक वर्षाआधीची जाहिरातविषयक कागदपत्रे खुली आणि उरलेली विचारून, अशी रेघ आखली की दोन्ही बाजूंना निश्चिंतपणे काम करता येते. कंपनीने प्रसिद्धीपूर्वी मजकूर पाहण्याची मागणी केली तर ती मान्य करायला हरकत नाही, पण त्याला मुदत घाला. तीस दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर संमती समजावी, असे वाक्य माझ्या करारात असते तर ती चाळीस पाने टिकली असती.

आता कामाबद्दल. सूची करणे हे हमालीचे काम आहे, असा विद्यापीठांत समज असतो आणि तो मला नेहमी खटकतो. अंकांतील जाहिरात तुम्ही एकेक पाहता. फाइलीत तीच जाहिरात तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांच्या मध्ये बसलेली असते. आवक-जावक नोंदवहीतील तारखा जुळवल्या की तक्रारीचे पत्र कोणत्या गावाहून आले आणि त्यानंतर किती दिवसांनी मजकूर बदलला, हे दिसू लागते. म्हणून फाइलीचा मूळ क्रम कधीही मोडू नये, हे आमच्या कामातील पहिले पथ्य. पहिल्याच आठवड्यात कागद विषयवार लावण्याचा मोह तुम्हाला होईल; तो टाळा.

आणि पदवीला जागा कोठे आहे, या प्रश्नाबद्दल. पुण्यात रिझर्व्ह बँकेचे अभिलेखागार १९८१ पासून आहे, टाटा उद्योगसमूहाचे मध्यवर्ती अभिलेखागारही पुण्यातच आहे, आणि विक्रोळीला गोदरेज अभिलेखागार २००६ पासून काम करीत आहे. जागा थोड्या आहेत हे खरे. परंतु त्या जागांवर मुलाखत घेणारे प्रथम हेच विचारतात की तुम्ही कधी कच्चे दप्तर हाताळले आहे का.

विभागातून

मी एका विद्यापीठात मराठीची प्राध्यापक आणि पीएच.डी.ची मार्गदर्शक आहे. आपल्या मॅडमची बाजू कोणीतरी मांडावी, म्हणून लिहीत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिला संशोधकांना त्यांवर दोन वर्षांची सवलत आहे. कागदावर हा काळ भरपूर दिसतो, पण अधिछात्रवृत्ती पाच वर्षांनी थांबते आणि प्रबंध रखडतो तो बहुधा त्याच सुमारास. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तिसऱ्या वर्षी थोड्या काळाची कामे स्वीकारली. एकाचे काम लांबत गेले आणि तो परत आला तेव्हा त्याला स्वतःचीच टिपणे परकी वाटू लागली होती. मार्गदर्शकाची भीती अशा अनुभवांतून आलेली असते. मार्गदर्शकाला विद्यार्थ्याचे भले नको असते असे नाही.

मानधनाबद्दल स्पष्ट सांगते. अधिछात्रवृत्ती घेत असताना दुसऱ्या कोठूनही वेतन, विद्यावेतन किंवा मानधन घेता येत नाही, ही तिची अट आहे. आपल्या नावापुढे विद्यापीठ दरमहा खातरजमा नोंदवते, तेव्हाच रक्कम जमा होते. त्यामुळे ही गोष्ट लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. १ जानेवारी २०२३ पासून वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ४२,००० रुपये आहे. ती सोडून २५,००० स्वीकारले, तर चार महिन्यांत ६८,००० रुपयांचे नुकसान आहे आणि घरभाडे भत्ता त्यात धरलेला नाही. त्यामुळे मानधन नाकारून, केवळ संशोधनासाठी अभिलेखागारात जाण्याची विद्यापीठाची परवानगी घेणे, आणि मुंबईतील राहण्याची सोय कंपनीने थेट करावी असे सुचवणे, हा मार्ग मला अधिक बरा दिसतो. अर्थात निवासाची अशी सोय अटीत बसते की नाही, हेही विद्यापीठाच्या अधिछात्रवृत्ती कक्षाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. मात्र मानधन नसेल तर कामाचे तासही त्या प्रमाणात उतरले पाहिजेत. पूर्णवेळ राबायचे आणि मोबदला घ्यायचा नाही, हे मला मान्य नाही.

माझी सूचना क्रमाबद्दल आहे. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सहामाहीला सादरीकरण करावेच लागते. पुढच्या सादरीकरणात पहिल्या दोन प्रकरणांचा पक्का मसुदा ठेवा आणि त्याच बैठकीत तिसऱ्या प्रकरणासाठी या कागदपत्रांची गरज मांडा. समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद झाली की इंटर्नशिप हा प्रबंधाचाच भाग ठरतो आणि तिला रजेचे रूप येत नाही. आपल्या मॅडमनाही मग नकार द्यावासा वाटणार नाही, असे मला वाटते.

कॅनडाहून

मी मूळचा नाशिकचा. ओंटारिओत इतिहासात पीएच.डी. करीत असताना येथील एका स्थानिक वस्तुसंग्रहालयात अशीच इंटर्नशिप केली, म्हणून येथील व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात लिहितो.

येथे मायटॅक्स नावाची संस्था आहे. १९९९ मध्ये ती गणिती शास्त्रांतील संशोधनासाठी सुरू झाली आणि पुढे तिच्या इंटर्नशिप मानव्यशास्त्रांसह सर्व विषयांना खुल्या झाल्या. मला त्यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पैशांची नाही. अर्ज विद्यार्थी, त्याचा मार्गदर्शक आणि भागीदार संस्था या तिघांनी मिळून लिहायचा असतो. त्यात संशोधनाचा प्रश्न, पद्धत, वेळेची वाटणी आणि शेवटी कोणाच्या हाती काय पडणार हे आधीच नमूद असते. निधीही विद्यापीठाच्या मार्फत येतो आणि मार्गदर्शक देखरेख करतो, त्यामुळे “माझा विद्यार्थी पळवला” असे मार्गदर्शकाला वाटण्याचे कारण राहत नाही. मी आठवड्यातील तीन दिवस संग्रहालयात आणि दोन दिवस विद्यापीठात असे.

आपल्याकडे अशी तयार चौकट हाताशी नसली तरी तिचा गाभा तुम्ही स्वतः उभा करू शकता. दोन पानांचा संशोधन-आराखडा लिहा आणि त्यावर तुम्ही, तुमच्या मॅडम आणि कंपनीच्या अभिलेखपाल अशा तिघींच्या सह्या घ्या. मॅडमना एकदा ते अभिलेखागार प्रत्यक्ष दाखवायला घेऊन जा. माझ्या मार्गदर्शकांचा सूर संग्रहालयाच्या तळघरातील पेट्या पाहिल्यावरच बदलला होता.

शब्दकळा

विषय भाषाविज्ञान, म्हणून थोडे वेगळे. मराठी बोलींवर काम करताना भाषातंत्रज्ञानाच्या एका कंपनीत मी तीन महिने ‘संशोधन-इंटर्न’ म्हणून गेले. प्रत्यक्षात रोज आठ तास ध्वनिमुद्रित वाक्यांना ठरावीक खुणा लावण्याचे काम मिळाले. कोणती बोली निवडावी, बोलणारे कसे शोधावेत, खुणांची यादी कोणत्या तत्त्वावर करावी, यांपैकी एकाही निर्णयात मला विचारले गेले नाही. काम प्रामाणिक होते, मोबदलाही वेळेवर मिळाला, परंतु ते संशोधन नव्हते.

तुमच्या प्रस्तावात सूची आणि मुलाखती आहेत, ही चांगली गोष्ट आहे. तरीही एक विचारून घ्या: मुलाखतींचे प्रश्न कोण ठरवणार? ते जनसंपर्क विभागाकडून तयार होऊन येणार असतील, तर तुमच्या अभ्यासाला त्यांचा उपयोग फार थोडा होईल.

जुनी जाहिरात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दप्तरखाना, तुमच्या चाळीस पानांबद्दल वाचून फार वाईट वाटले. त्यांतील काही प्रसिद्ध करता येईल अशी वेळ अजूनही यावी, असे वाटते.

गेल्या पंधरवड्यात काय झाले ते सांगते. कंपनीच्या अभिलेखपाल बाईंना मी दोन पानांचा आराखडा पाठवला. १९६५ पर्यंतच्या जाहिरातविषयक फायली प्रबंधासाठी, शोधगंगेसाठी आणि पुढील लेखनासाठी खुल्या ठेवण्यास त्या तयार आहेत आणि तीस दिवसांचे वाक्यही त्यांना मान्य आहे. विधी विभागाची सही अद्याप बाकी आहे. मानधन न घेता आठवड्यातील तीन दिवस काम, कंपनीच्या अतिथिगृहात राहण्याची सोय आणि एकूण काळ पाच महिने, असे ठरत आहे. अतिथिगृहाबद्दल विद्यापीठाच्या कक्षाकडे अर्ज दिला असून उत्तराची वाट पाहते आहे. मॅडमनी दोन प्रकरणांची अट घातली आहे आणि ती मला योग्य वाटते. पुढच्या महिन्यात त्या अभिलेखागार पाहायला येणार आहेत.

शब्दकळा, तुमचा प्रश्न मी विचारला. प्रश्नावली मीच करायची आहे, परंतु मुलाखतींचे ध्वनिमुद्रण कंपनीच्या संग्रहात राहील. या सहा जणांतील दोघे नव्वदीच्या घरात आहेत आणि दोघी पूर्वी बांधणी (पॅकिंग) विभागात कामगार होत्या. त्यांच्याशी कसे बोलावे आणि संमती कशी घ्यावी, याबद्दल कोणी सांगू शकेल का? हे काम मी पूर्वी कधी केलेले नाही.

ध्वनिफीत

मी गिरणी कामगारांच्या मुलाखतींवर पीएच.डी. केली आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि एका पानात बसेल असे करा, आणि ते घरच्या मंडळींसमोर मोठ्याने वाचून दाखवा. त्यात दोन स्वतंत्र परवानग्या मागा: ध्वनिमुद्रण कंपनीच्या संग्रहात ठेवण्याची एक, आणि तुमच्या प्रबंधात वापरण्याची दुसरी. एखाद्याला दुसरी चालेल पण पहिली नको असेल, तर त्याला तसे म्हणता आले पाहिजे. कंपनीबद्दलची तक्रार ते तुम्हाला सांगतील आणि कंपनीच्याच यंत्रावर ती मुद्रित होत असेल, हे त्यांना आधी ठाऊक असणे आवश्यक आहे. एखादा भाग नंतर वगळायचा असल्यास किती दिवसांत कळवायचे, तेही लिहा. कंपनीच्या करारात या संमतीपत्राचा नमुना जोडून घ्या, म्हणजे दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध जाणार नाहीत.

नव्वदीच्या माणसांकडे सकाळी जा आणि पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. लागल्यास तीनदा जा. पहिल्या भेटीत यंत्र पिशवीतून काढूच नये, असे माझे मत आहे. बांधणी विभागातील त्या दोघींना मात्र अगदी आधी भेटा. वस्तू डब्यात भरून डब्यावर चित्राचा कागद चिकटवणारे हात त्यांचे होते, आणि त्या चित्रातील गृहिणीबद्दल त्या आपसांत काय बोलत, हे जाहिरात विभागाच्या कोणत्याही फाइलीत सापडणार नाही. जाताना तुमच्या संग्रहातील त्या वर्षांच्या जाहिरातींच्या मोठ्या छायाप्रती सोबत न्या, एकेक प्रत त्यांच्या हातात द्या, आणि त्या बोलू लागेपर्यंत कोणताही प्रश्न विचारू नका.